फळा आणि प्रयोगशाळा : मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या जोड-अभ्यासाचा आढावा

पदवीच्या पहिल्या वर्षी मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे दोन विषय जोडीने घ्यावेत काय, हा प्रश्न वरकरणी प्रवेश-अर्जातील दोन रकान्यांपुरता दिसतो. मात्र महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाची घडण पाहता त्याच्या मुळाशी एक जुनी विभागणी आढळते. मानसशास्त्र मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांच्या विद्याशाखेत बसले आणि शिक्षणशास्त्र अध्यापक महाविद्यालयांच्या आवारात गेले. त्यामुळे मूल कसे शिकते याचा शोध घेणारे एका इमारतीत आणि मुलाला शिकवण्याची तयारी करणारे दुसऱ्या इमारतीत, अशी स्थिती निर्माण झाली. प्रस्तुत आढाव्यात या जोडीचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास, तिची सध्याची अभ्यासक्रमीय रूपे आणि तिच्यातून मिळणाऱ्या पात्रतेच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. तो करताना बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यांसारख्या, विद्यापीठापासून दूर असलेल्या गावातून कला शाखेत बारावी झालेला विद्यार्थी समोर ठेवला आहे, कारण पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला उपलब्ध असलेले पर्याय गृहीत धरून केलेली चर्चा या विद्यार्थ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही.

दोन्ही शास्त्रांचे स्वरूप आधी स्पष्ट केले पाहिजे. मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा आणि मनोव्यापारांचा, म्हणजे अवधान, स्मरण, प्रेरणा, भावना, विचार इत्यादी प्रक्रियांचा, निरीक्षण व प्रयोग यांच्या आधारे केलेला अभ्यास होय. शिक्षणशास्त्रात मानसशास्त्राचा एक भाग येतो खरा, तथापि त्यात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, शिक्षणाचे समाजशास्त्र, अभ्यासक्रमाची रचना, मूल्यमापन, शालेय प्रशासन आणि शिक्षणाचा इतिहास यांचाही समावेश होतो. पहिले शास्त्र काय घडते आणि ते का घडते हे विचारते, तर दुसऱ्याला त्यापुढे जाऊन काय घडवावे आणि कोणासाठी घडवावे हे ठरवावे लागते. विल्यम जेम्स या अमेरिकी विचारवंताने शिक्षकांसाठी दिलेली व्याख्याने १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत त्याने हाच इशारा दिला होता : मानसशास्त्र हे शास्त्र आहे, अध्यापन ही कला आहे, आणि शास्त्रातून कला आपोआप निपजत नाही. मराठी भाषेने हे नाते आपल्या परीने नोंदवून ठेवले आहे. ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे, म्हणजे शिकण्याची क्रिया मुलाची आणि शिक्षक केवळ तिचा प्रयोजक. याच भाषेत ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ मात्र दंड असा रूढ झाला, ही गोष्ट शिक्षणाच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

भारतात मानसशास्त्राचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग १९१६ मध्ये कलकत्त्यात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. मराठी प्रदेशात मात्र या शास्त्राचे सर्वांत ठोस काम प्रारंभी शाळेच्या गरजेतून झाले. फ्रान्समध्ये सक्तीच्या शिक्षणामुळे वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहिला आणि आल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. या श्रेणीचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केले, त्यावरील त्यांचा लेख १९३४ मध्ये आणि पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बुद्धिमापनाचे प्रमाणीकरण’ म्हणजे एखादी चाचणी मोठ्या संख्येने मुलांना देऊन कोणत्या वयाच्या मुलाला सर्वसाधारणपणे काय जमते हे निश्चित करणे. परदेशी श्रेणीचे केवळ भाषांतर करून ते साधत नाही, हे कामतांच्या कामातून मराठी शिक्षणक्षेत्रापुढे आले.

विदर्भाचा वाटाही यात मोठा आहे. नागपूर येथे आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या बालकांसाठीच्या बुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूपांतर केले. १९६९ चे हे रूपांतर ‘मालिन श्रेणी’ या नावाने ओळखले जाते, तर सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे त्यांनी केलेले रूपांतर आजही देशभर ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच वापरात आहे. मुलाच्या बौद्धिक अक्षमतेचे मूल्यमापन करताना या साधनांचा आधार घेतला जातो. अर्धशतकापूर्वीच्या मुलांवरून ठरवलेले प्रमाणक आजच्या मुलांना लावणे शास्त्रीयदृष्ट्या समाधानकारक नाही, परंतु त्याची जबाबदारी मालिन यांच्यावर नसून त्यांच्यानंतर हे काम तितक्या नेटाने पुढे न नेणाऱ्या पिढ्यांवर आहे.

याच्या समांतर एक दुसरी परंपरा बालशिक्षणाची. विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धतीतील महागडी साधने बाजूला ठेवून परिसरातील बिया, शिंपले, माती, पाने यांतून इंद्रियशिक्षण देण्याचा प्रयोग त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे या विचारातून पुढे आलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला. बालविकासाचे मानसशास्त्र आणि आदिवासी पाड्याचे समाजशास्त्र यांचा इतका सहज मिलाफ त्या काळच्या कोणत्याही पदवी-अभ्यासक्रमात आढळला नसता. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने नेमके दुसरे टोक, म्हणजे प्रज्ञावान विद्यार्थ्यांचे शिक्षण, हाती घेतले. गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचना-प्रतिमानाचा, म्हणजे बुद्धी ही एकच शक्ती नसून अनेक स्वतंत्र क्षमतांची रचना आहे या सिद्धांताचा, वापर करून तिथे चाचण्या तयार झाल्या आणि त्यांवरून अध्यापनही आखले गेले. मुंबईत १९३७ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पूर्वरूपात सुरू झालेले बाल-मार्गदर्शन केंद्र आणि वर्धा येथे त्याच वर्षी भरलेली नयी तालीमची, म्हणजे हस्तोद्योगाधारित शिक्षणाची, परिषद या दोन घटनांत काहीही संबंध नव्हता, आणि तो नव्हता हीच लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

यांतील बहुतेक उदाहरणांत दोन्ही शास्त्रांची सांगड संस्थांनी आणि व्यक्तींनी कामाच्या ओघात घातली, विद्यापीठांनी पदवीच्या चौकटीत ती क्वचितच घातली. पदवी-स्तरावर मानसशास्त्राचा विद्यार्थी आरशातील प्रतिमा पाहून तारा रेखाटण्याचा प्रयोग करतो, अर्थहीन शब्दांच्या यादीवरून विस्मरणाचा आलेख काढतो, आणि जर्नल सादर करतो. त्याचा प्रयोगार्थी, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला जातो ती व्यक्ती, बहुधा शेजारच्या बाकावरचा वर्गमित्रच असतो, शाळेतील मूल नव्हे. दुसरीकडे बी.एड.चा प्रशिक्षणार्थी सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे एकेक अध्यापन-कौशल्य वेगळे काढून पाच-सहा मिनिटांत करावयाच्या सरावाचे, धडे देतो, पाठ टाचण काढतो, आंतरवासितेत प्रत्यक्ष वर्ग घेतो. मानसशास्त्र त्याला एक-दोन पत्रिकांत भेटते आणि त्या पत्रिकांत पियाजे, व्हायगॉट्स्की, स्किनर, ब्रूनर ही नावे अशा क्रमाने येतात की जणू प्रत्येकाने आधीच्याचे म्हणणे रद्दबातल केले असावे.

शिक्षक पात्रता परीक्षेने हे अंतर कमी करण्याऐवजी त्याला वेगळे वळण लावले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ नंतर ही परीक्षा आवश्यक ठरली आणि महाराष्ट्रात ती २०१३ पासून घेतली जाऊ लागली. तिच्या १५० गुणांपैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. परिणामी गावोगावच्या अभ्यासिकांत वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेले शिक्षक बोधात्मक विकासाच्या अवस्था पाठ करू लागले. अवस्था पाठ असणे आणि दुसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी का जमत नाही हे त्या अवस्थांच्या साहाय्याने ओळखणे यांत मोठे अंतर आहे, आणि बहुपर्यायी प्रश्न ते मोजू शकत नाहीत.

सिद्धांत शाळेपर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे ज्ञानरचनावाद. मूल नवीन ज्ञान आपल्या पूर्वानुभवाच्या आधारे स्वतः रचते, ही त्यामागील मानसशास्त्रीय भूमिका. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ती स्वीकारली, सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी ती प्रत्यक्षात आणून दाखवली, आणि जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ती राज्यभर पसरली. जिथे शिक्षकाला तिचे मर्म उमगले होते तिथे वर्ग बदलले. अनेक ठिकाणी मात्र फरशीवर अंकांची आणि अक्षरांची रंगरंगोटी झाली, मुले गोलात बसवली गेली आणि गोलात बसून पूर्वीप्रमाणेच पाढे म्हणू लागली. २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदींचीही तीच गत झाली. ही नोंद म्हणजे खरे तर मानसशास्त्रातील व्यक्ति-अभ्यासाचे छोटे रूप, पण तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि एकाच वर्गातील वीस मुलांविषयी एकच वाक्य उतरवले जाऊ लागले. निरीक्षण करण्याचे शिक्षण न देता निरीक्षणाची नोंद मागितली की हे घडणारच, त्यामुळे याचा दोष शिक्षकांच्या आळसावर टाकणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

या दोन शास्त्रांची एकमेकांना किती गरज आहे, हे वऱ्हाडातील वर्गात जितके स्पष्ट दिसते तितके कदाचित पुस्तकात दिसणार नाही. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखाद्या प्रक्रियेत मेंदूच्या कार्यपद्धतीमुळे येणारी टिकाऊ अडचण. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्येच, इतर राज्यांच्या आधी, घेतला आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारांत या अक्षमतेचा समावेश झाला. आता धामणगाव बढे परिसरातील तिसरीतले एखादे मूल ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ आणि ‘शाळा’ ऐवजी ‘शाया’ लिहिते, ‘ण’च्या जागी सर्रास ‘न’ वापरते, असे समजू. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’, त्यामुळे हे मूल आपल्या घरचा उच्चार अत्यंत निष्ठेने कागदावर उतरवत आहे. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड त्याला उत्तम जमते आहे, म्हणजे जी क्षमता अध्ययन-अक्षम मुलात दुबळी असते ती याच्यात शाबूत आहे. याउलट त्याच बाकावरचे दुसरे मूल ‘कमळ’चे ‘मकळ’ लिहीत असेल, ओळ वाचताना जागा हरवत असेल, तर त्याच्या चुकांची संख्या कमी असूनही त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. लाल शाईच्या पेनाला दोन्ही चुका सारख्याच. केवळ मानसशास्त्र शिकलेल्या परक्या तपासनिसाला पहिल्या मुलात नसलेला दोष दिसू शकतो, कारण त्याला बोलीचे नियम ठाऊक नसतात, आणि केवळ अध्यापन शिकलेल्या शिक्षकाला दुसऱ्या मुलातील दोष निष्काळजीपणा वाटू शकतो. बंजारा किंवा उर्दू ही घरची भाषा असलेल्या मुलाच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी वाचन-अक्षमतेच्या चाचण्या उपलब्ध करून दिल्या, ही मोठीच सोय झाली, तथापि प्रमाण मराठीतील चाचणीसुद्धा वऱ्हाडी मुलाला देताना देणाऱ्याला दोन्ही शास्त्रांचे आणि बोलीचे भान लागतेच.

आता अभ्यासक्रमांकडे वळता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पदवी-रचना लागू झाली. तीत विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि एक पूरक विषय, म्हणजे मायनर, असतो. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. यांखेरीज क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यानुभव यांसाठी वेगळे श्रेयांक ठेवले आहेत. तत्त्वतः मानसशास्त्र मेजर आणि शिक्षणशास्त्र मायनर ही जोडी या रचनेत बसते, आणि क्षेत्रीय प्रकल्पाची जागा तर या जोडीसाठीच राखून ठेवल्यासारखी आहे. व्यवहारात मात्र विद्यार्थ्याची निवड महाविद्यालयात कोणते विभाग आहेत यावर अवलंबून राहते. शिक्षणशास्त्र हा विषय राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत उपलब्ध असला तरी तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये थोडी आहेत, आणि तालुक्याच्या ठिकाणी पदवीला दोन्ही विभाग एकाच छताखाली मिळतील याची खात्री नसते. धामणगाव बढे हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांच्या क्षेत्रात येते. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय तेथून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि सीमेपलीकडचे जळगावचे विद्यापीठ त्या मानाने जवळ पडते. या घाटाखालच्या भागातील विद्यार्थ्याने मोताळा, मलकापूर, बुलढाणा यांच्याबरोबर जळगाव जिल्ह्यातील महाविद्यालयांचीही विषय-यादी पाहणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

दुसरा मार्ग चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रमाचा. बारावीनंतर थेट प्रवेश देणारी ही दुहेरी पदवी २०२३-२४ मध्ये देशातील ५७ संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि तिच्यासाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र प्रवेश-परीक्षा घेतली जाते. ही कल्पना पूर्णपणे नवी नाही. १९६० च्या दशकात स्थापन झालेल्या प्रादेशिक शिक्षण संस्थांनी असे एकात्मिक अभ्यासक्रम चालवले आहेत, त्यांपैकी भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात महाराष्ट्र येतो. दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये सुरू केलेल्या चार वर्षांच्या प्राथमिक शिक्षण पदवीत तर बालकाचे प्रत्यक्ष निरीक्षण हा अभ्यासाचा कणाच मानला गेला. ज्याला निश्चितपणे शिक्षक व्हावयाचे आहे त्याच्यासाठी हा मार्ग सरळ आहे, मात्र त्यात शाळेतील विषय मुख्य ठरतो आणि मानसशास्त्र पुन्हा सहायक भूमिकेत जाते.

ब्रिटनमध्ये मानसशास्त्र आणि शिक्षण यांची संयुक्त पदवी हा प्रस्थापित प्रकार आहे आणि तेथील मानसशास्त्र-संस्थेने मान्यता दिलेली पदवी असेल तर पुढील व्यावसायिक प्रशिक्षणाचे दार उघडे राहते. तरीही तेथे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी आणखी तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते. याचा अर्थ असा की, जिथे ही जोडी सर्वाधिक रुळलेली आहे तिथेही पदवी हा केवळ उंबरठा समजला जातो.

महाराष्ट्रात तो उंबरठा ओलांडल्यावर काय, हे प्रवेश घेण्यापूर्वी सांगितले जाणे आवश्यक आहे, आणि माहितीपत्रकांत नेमके तेच धूसर असते. तीन वर्षांची बी.ए. पदवी, तिच्यात ही जोडी असली तरी, कोणालाही शिक्षक करत नाही. त्यासाठी बी.एड. किंवा डी.एल.एड. हवे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ मधील निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. मानसशास्त्र हा विषय राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत शिकवलाच जात नसल्याने माध्यमिक शाळेतील विषय-शिक्षकाच्या भरतीत या पदवीधराची अडचण होते, तर कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात. मायनर म्हणून मराठी, इतिहास किंवा इंग्रजी घेणारा विद्यार्थी नोकरीच्या बाजारात अधिक सुरक्षित ठरतो, हे कटू असले तरी खरे आहे. तीच गोष्ट समुपदेशनाची. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास पदव्युत्तर शिक्षणानंतरचे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी अनिवार्य आहे. इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात झाला, आणि त्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवण्याचे निर्देश दिले. प्रत्यक्ष सरावाशिवाय मन हाताळणारे लोक तयार होऊ नयेत, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. मात्र शेतीचे काम सांभाळून किंवा लग्नानंतर सासरी राहून शिकू पाहणाऱ्या मुलींसाठी जो एकमेव दरवाजा होता तो त्यामुळे बंद झाला, आणि त्याच्या बदल्यात जवळच्या महाविद्यालयात विभाग उघडण्याची कोणतीही तरतूद झाली नाही.

गरज मात्र वाढतच आहे. पश्चिम विदर्भातील शेती-संकटामुळे २००६ च्या पंतप्रधान मदत योजनेतील सहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश झाला होता. आत्महत्याग्रस्त कुटुंबातील मुलाच्या शोकाचा, गैरहजेरीचा आणि अभ्यासातील घसरणीचा विचार त्या योजनांत कर्जाच्या आणि सिंचनाच्या आकड्यांइतका ठळकपणे झाला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा असून त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावयाची आहे. ही तत्त्वे गांभीर्याने अमलात आली तर मानसशास्त्र आणि शाळा दोन्ही जाणणाऱ्या मनुष्यबळाची मागणी एकदम वाढेल, आणि केवळ एक शास्त्र शिकलेले लोक त्या जागी अपुरे पडतील.

या पार्श्वभूमीवर या जोड-अभ्यासाविषयीचा निर्णय असा देता येतो : पाच-सहा वर्षे शिकण्याची तयारी आणि घरची सोय असलेल्या विद्यार्थ्याने ही जोडी जरूर घ्यावी, तीन वर्षांनंतर लगेच नोकरी अपेक्षित असलेल्याने घेऊ नये. महाविद्यालयांनी ती देताना क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक जिल्हा परिषदेच्या शाळेत, एका मुलाचे वर्षभर निरीक्षण करून मिळवावयास लावावेत. त्यासाठी नवी इमारत, नवे उपकरण किंवा नवे अनुदान लागत नाही, प्राचार्य आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यातील एक पत्रव्यवहार पुरतो. ग्रामीण भागातील असंख्य प्राथमिक शाळांचा पट शंभराच्या आतच असतो. अशा शाळेला न्यायालयाने सांगितलेली जोडणी ज्या तज्ज्ञाशी करावयाची तो बहुधा जिल्ह्याच्या गावी बसतो, आणि तोवर मुलाच्या समोर उभा असतो तो बी.एड. किंवा डी.एड.ला मानसशास्त्राची एखाद-दुसरी पत्रिका सोडवलेला शिक्षक.